देह केवढा, मात्रा केवढी? कुरवंड्याच्या घाटापासून पुण्याच्या संशोधनापर्यंत औषधाच्या मात्रेचा इतिहास

१/
एक साधा प्रश्न. एका माणसाचे वजन ६० किलो, दुसऱ्याचे १२०. दोघांना एकच आजार, एकच औषध. दुसऱ्याला दुप्पट मात्रा द्यावी काय? सहज मनात येते, द्यावी. वजन दुप्पट, तर औषधही दुप्पट. हे उत्तर कधी बरोबर ठरते, कधी माणसाला कायमचे बहिरे करते. आणि दुप्पट न देणे हेही कधी तितकेच घातक ठरते. वैद्यकाला हे उमगण्यास फार मोठा काळ लागला. त्या इतिहासाचा हा धागा. सुरुवात मात्र दवाखान्यातून नाही, मावळातल्या एका घाटवाटेपासून.

२/
लोणावळ्याजवळ, नागफणीच्या सुळक्यापाशी कुरवंडे हे गाव आहे. येथे पठार संपते आणि सह्याद्री एकदम कोकणात उतरतो. येथूनच कुरवंड्याचा घाट खाली चावणीच्या दिशेने जातो. फेब्रुवारी १६६१ मध्ये शायिस्ताखानाने पाठवलेला कारतलबखान आपले सैन्य घेऊन याच घाटाने उतरला. सोबत रायबागन होती. पुढे उंबरखिंडीच्या अरुंद, झाडीभरल्या वाटेत शिवरायांनी त्याला गाठले. खानाला खंडणी देऊन, सामानसुमान मागे टाकून सुटका करून घ्यावी लागली. परमानंदाच्या ‘शिवभारता’त हा प्रसंग सविस्तर आला आहे.

३/
लढाईची कथा आपणांस ठाऊक आहे. आज तिच्यातले फक्त भूगोलाचे गणित घेऊ. पठार विस्तीर्ण आहे, त्यावर हवे तेवढे सैन्य मावते. खिंड अरुंद आहे. पठार कितीही मोठे असले तरी तासाला किती माणसे खाली उतरतील हे खिंडीची रुंदी ठरवते. पठारावर गर्दी दाट असेल तर खिंडीतून तासाला अधिक माणसे जातील, विरळ असेल तर कमी. पण पठार दुप्पट झाले म्हणून खिंड आपोआप दुप्पट रुंद होत नाही. दाखला दाखल्यापुरताच, पण औषधाच्या मात्रेचे बहुतेक सगळे शास्त्र यात सामावले आहे.

४/
शरीर म्हणजे पठार. औषध रक्तातून किती दूरवर पसरते, तो त्याचा पसारा. यकृत आणि मूत्रपिंड म्हणजे खिंड. या दोन इंद्रियांच्या द्वारा ठरावीक वेळात जेवढे रक्त औषधापासून मोकळे होते, त्या मापाला औषधशास्त्रात ‘क्लिअरन्स’ म्हणतात. पहिली मात्रा किती, हे पठाराच्या विस्तारावर ठरते, कारण आधी ते भरावे लागते. नंतरच्या रोजच्या मात्रा किती, हे खिंडीच्या रुंदीवर ठरते, कारण जेवढे बाहेर गेले तेवढेच पुन्हा घालायचे असते. पसारा वाढला आणि क्लिअरन्स तेवढेच राहिले, तर औषध शरीरात अधिक काळ रेंगाळते.

५/
आता लठ्ठपणाचा प्रश्न नेमका मांडता येतो. चरबी वाढली की पठार वाढते. पण किती वाढते, हे औषध चरबीत विरघळते की पाण्यात यावर अवलंबून असते. आणि खिंड? ती वजनाच्या प्रमाणात रुंदावत नाही. थोडी रुंदावते, कधी अरुंदही होते. म्हणून ‘किलोमागे इतके मिलिग्रॅम’ हा नियम लठ्ठ देहापाशी येऊन अडखळतो. हे आज आपण चार वाक्यांत सांगतो. पण केवळ देहाचे आकारमान पाहून फसू नये, ही सूचना आपल्याकडे फार जुनी आहे.

६/
चरकसंहितेच्या विमानस्थानात रोग्याची दहा अंगांनी परीक्षा सांगितली आहे: प्रकृती, विकृती, सार, संहनन, प्रमाण, सात्म्य, सत्त्व, आहारशक्ती, व्यायामशक्ती आणि वय. तेथेच वैद्याला बजावले आहे की केवळ शरीर भरलेले पाहून रोग्याला बलवान समजू नये आणि कृश पाहून दुर्बळ समजू नये. त्यासाठी दाखला दिला आहे मुंगीचा. एवढीशी मुंगी केवढा भार ओढून नेते! देहाचे माप आणि देहाचे सामर्थ्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा विचार येथे स्वच्छ मांडलेला दिसतो.

७/
त्याच ग्रंथाच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल आणि अतिकृश या दोहोंची चर्चा आहे, आणि अतिस्थूलाची चिकित्सा अधिक अवघड मानली आहे. अर्थात चरकाला क्लिअरन्स ठाऊक होते असे म्हणणे हा अतिरेक होईल. त्या ग्रंथात मूत्रपिंडाच्या गाळणीचे मोजमाप नाही, रक्तातल्या औषधाची मोजणी नाही. जे आहे ते निरीक्षण आहे. इतिहास वाचताना निरीक्षणाला निरीक्षण म्हणावे, मोजमापाला मोजमाप. दोहोंचा मान वेगवेगळा आहे.

८/
युरोपात मात्रेचा पहिला हिशेब मुलांसाठी झाला. टॉमस यंग या ब्रिटिश शास्त्रज्ञाने वयावरून मुलाची मात्रा काढण्याचा नियम दिला. पुढे क्लार्कचा नियम आला: मुलाचे वजन पौंडांत घ्या, त्याला १५० ने भागा, येणारा अपूर्णांक म्हणजे मोठ्यांच्या मात्रेचा हिस्सा. यातला १५० हा आकडा लक्षात ठेवा. १५० पौंड म्हणजे सुमारे ६८ किलो. पुढे पाठ्यपुस्तकांत जो ‘सत्तर किलोचा माणूस’ ठाण मांडून बसला, त्याचाच हा थोरला भाऊ. बहुतेक औषधांच्या मात्रा याच काल्पनिक माणसाच्या मापाने बेतल्या गेल्या.

९/
आता पुन्हा आपल्या मुलखात येऊ. १८६३ साली बोरघाटातून आगगाडी सुरू झाली आणि मुंबई-पुणे जोडले गेले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढे तो घाटमाथ्यावरही पोचला. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यांनी घेतलेली मात्रा १० घन सेंटिमीटर होती. पुढे लोकांना दिली गेलेली मात्रा याहून पुष्कळच कमी होती. त्याच वर्षी लोणावळ्यातही ही टोचणी झाली आणि टोचलेल्या व न टोचलेल्या लोकांची तुलना करण्यात आली.

१०/
त्या काळी मात्रा कशी ठरे? पुरुषाला एक, स्त्रीला थोडी कमी, मुलाला त्याहून कमी, आणि टोचल्यावर ताप किती चढतो याकडे लक्ष. लस मूत्रपिंडातून गाळली जाणारी वस्तू नाही, त्यामुळे तिला क्लिअरन्सचे गणित लागू पडत नाही. तरी हा प्रसंग येथे महत्त्वाचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जगातल्या उत्तम प्रयोगशाळेतही ‘किती द्यायचे’ याचे उत्तर अंदाज, अनुभव आणि स्वतःच्या दंडावरचा प्रयोग यांतूनच मिळत होते.

११/
केवळ वजनाने मात्रा ठरवण्याचा अनर्थ किती मोठा होऊ शकतो, याची एक कुप्रसिद्ध कथा आहे. ऑगस्ट १९६२. अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटी. टस्को नावाच्या हत्तीला संशोधकांनी एलएसडी हे द्रव्य टोचले. मात्रा २९७ मिलिग्रॅम. हिशेब मांजरांवरील प्रयोगांच्या आधाराने, वजनाच्या पटीत. काही मिनिटांत हत्ती कोसळला आणि दोन तासांच्या आत मेला. त्याला सावरण्यासाठी दिलेल्या इतर औषधांचाही मृत्यूत वाटा असावा, असा वाद पुढे झाला. पण मूळ चूक सर्वांनी मान्य केली. हत्ती म्हणजे हजारपट मांजर नव्हे.

१२/
का नव्हे? १९३२ साली मॅक्स क्लायबर यांनी निरनिराळ्या प्राण्यांची उष्णता मोजून दाखवले होते की शरीराची चयापचयाची गती वजनाच्या सरळ पटीत वाढत नाही. ती वजनाच्या तीनचतुर्थांश घाताने वाढते. म्हणजे वजन दुप्पट झाले तर गती दुप्पट होत नाही, साधारण १.७ पट होते. मोठा देह दर किलोमागे सावकाश चालतो. औषध बाहेर टाकण्याचे कामही बहुधा याच चालीने होते. चरकाच्या मुंगीला येथे एक समीकरण मिळाले, असे गमतीने म्हणता येईल.

१३/
दुसरा एक मार्ग निघाला तो त्वचेच्या क्षेत्रफळाचा. १९१६ मध्ये द्यू बुआ यांनी उंची आणि वजनावरून शरीराचे पृष्ठफळ काढण्याचे सूत्र दिले. त्याचा पाया होता अवघ्या नऊ माणसांची मोजमापे. १९५८ मध्ये डोनाल्ड पिंकेल यांनी कर्करोगाच्या औषधांची मात्रा पृष्ठफळावर ठरवावी असे सुचवले आणि ती रीत जगभर रुजली. आजही केमोथेरपीची मात्रा ‘दर चौरस मीटरला इतके’ अशी लिहिली जाते. नऊ माणसांवरून काढलेले सूत्र लक्षावधी रुग्णांच्या शिरांतून वाहते आहे.

१४/
आता लोणावळ्याहून पुण्याकडे जाणारी गाडी धरू आणि पिंपरीला उतरू. स्वतंत्र भारताने जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ मध्ये येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभारला. आधी पेनिसिलिन, पुढे स्ट्रेप्टोमायसिन येथे तयार होऊ लागले. पेनिसिलिनच्या मात्रेत थोडे इकडेतिकडे झाले तरी सहसा भागते. स्ट्रेप्टोमायसिनचे तसे नाही. ते मूत्रपिंडातूनच बाहेर पडते, आणि रक्तात फार साचले तर कानाच्या आतील भागाला इजा करते. तोल जातो, ऐकू येणे कमी होते. गेलेली श्रवणशक्ती बहुधा परत येत नाही.

१५/
याच कुळातले पुढचे औषध म्हणजे १९६३ साली शोधले गेलेले जेंटामायसिन. हे औषध पाण्याचे मित्र, चरबीचे नव्हे. चरबीच्या पेशींत पाणी थोडे असते, म्हणून लठ्ठ माणसाच्या वाढलेल्या वजनात याला शिरायला जागा थोडी. पूर्ण वजनावर मात्रा दिली तर ते कमी जागेत दाटते, आणि दाटले की कान व मूत्रपिंड दोन्ही धोक्यात येतात. मग मात्रा कोणत्या वजनावर द्यावी? १९७४ साली बेन डिव्हाइन यांनी जेंटामायसिनवरील एका लेखात ‘आदर्श वजना’चे सूत्र मांडले.

१६/
सूत्र असे. पुरुष असेल तर पाच फुटांना ५० किलो, स्त्री असेल तर ४५.५ किलो, त्यापुढच्या प्रत्येक इंचाला २.३ किलो मिळवा. बस्स. पाच फूट पाच इंच उंचीच्या स्त्रीचे आदर्श वजन ५७ किलो आले. आजही जगभरातील रुग्णालयांत हे सूत्र वापरले जाते. पण ते रुग्णांच्या मोजमापांतून निघालेले नव्हते. उंची-वजनाच्या एका जुन्या ठोकताळ्याचे ते किलोत केलेले रूप होते, आणि त्या ठोकताळ्याची मुळे अमेरिकेतील आयुर्विमा कंपन्यांच्या तक्त्यांत होती. कोणाचा विमा लवकर भरून द्यावा लागेल याचा तो हिशेब. त्यातून औषधाची मात्रा निघाली!

१७/
एक काल्पनिक उदाहरण घेऊ. वरच्या स्त्रीचे खरे वजन १०७ किलो आहे. औषध दर किलोला ५ मिलिग्रॅम द्यायचे आहे. खऱ्या वजनावर मात्रा येते ५३५ मिलिग्रॅम. आदर्श वजनावर २८५. एकीत कान जाण्याची भीती, दुसरीत जंतू न मरण्याची. १९७० आणि ८० च्या दशकांत लठ्ठ रुग्णांच्या रक्तातील पातळ्या मोजल्या गेल्या तेव्हा मधला मार्ग सापडला: आदर्श वजनात वरच्या वजनाचा ४० टक्के हिस्सा मिळवा. ५७ अधिक २० म्हणजे ७७ किलो, आणि मात्रा ३८५ मिलिग्रॅम. यापुढेही रक्तातील पातळी पाहून ती बदलावी लागतेच.

१८/
हा ४० टक्के का? कारण वाढलेले वजन म्हणजे निव्वळ चरबी नसते. जड देह पेलायला स्नायू वाढतात, हाडे भक्कम होतात, रक्त वाढते. चरबीतही थोडे पाणी असतेच. म्हणून लठ्ठ माणसाचे एकूण क्लिअरन्स बारीक माणसाइतके किंवा त्याहून काहीसे अधिक असते, पण दर किलोमागे पाहिले तर कमी भरते. पुढे २००५ मध्ये चरबी वजा जाता उरणाऱ्या देहभाराचे अधिक चांगले सूत्र प्रसिद्ध झाले. अनेक औषधांच्या क्लिअरन्सशी मेळ बसतो तो या उरलेल्या देहाचा, काट्यावरच्या आकड्याचा नव्हे.

१९/
आता उलट स्वभावाची औषधे पाहू, चरबीत विरघळणारी. भुलेचे औषध थायोपेंटल १९३४ पासून वापरात आले. रुग्ण क्षणात झोपे आणि काही मिनिटांत जागा होई. १९५२ मध्ये बर्नार्ड ब्रोडी आणि सहकाऱ्यांनी याचे श्रेय शरीरातील चरबीला दिले: औषध मेंदूतून निघून चरबीत जाते. १९६० मध्ये हेन्री प्राइस यांनी ते दुरुस्त केले. चरबीला रक्तपुरवठा बेताचा असतो. एवढ्या लवकर औषध ओढून घेणारे असतात ते स्नायू. चरबी सावकाश भरते आणि तितकीच सावकाश रिकामी होते. शास्त्र कसे पुढे सरकते याचा हा सुंदर नमुना.

२०/
आपल्या पठाराच्या भाषेत सांगायचे तर काही सैन्य मावळच्या आडखोऱ्यांत जाऊन मुक्काम करते. पठार मोकळे दिसते, पण खोऱ्यांतून एकेक टोळी परत येत राहते आणि मगच खिंडीने उतरते. लठ्ठ माणसाला डायझेपाम हे औषध दिले की असेच घडते. क्लिअरन्स फारसे कमी झालेले नसते, पण पसारा फार वाढल्याने औषधाचे अर्धायुष्य पुष्कळ लांबते. एका गोळीने काही बिघडत नाही. रोज दिली तर मात्र साठा वाढत जातो. हत्ती गेला आणि शेपूट राहिले, अशी गत. फरक एवढाच की हे शेपूट कित्येक दिवस लांब असते.

२१/
आणि खिंड? लठ्ठपणात तीही बदलते. मूत्रपिंडे सुरुवातीला अधिक जोराने गाळतात. पुढे मधुमेह आणि रक्तदाबाने थकली की गाळण मंदावते. यकृतात चरबी साचते. औषधे मोडणाऱ्या यकृतातील एका महत्त्वाच्या विकराचे काम लठ्ठपणात मंदावल्याचे आढळते, तर दुसऱ्या एकाचे वाढते. म्हणून सगळ्या औषधांना लागू पडेल असा एकच नियम निघत नाही. भूलतज्ज्ञ एकाच रुग्णासाठी तीन औषधांची मात्रा तीन वेगळ्या वजनांवर काढतो: एकाची खऱ्या, दुसऱ्याची आदर्श, तिसऱ्याची निर्मेद वजनावर. यात गोंधळ काही नाही, हेच शास्त्र आहे.

२२/
आतापर्यंत आपण अधिक मात्रेची भीती पाहिली. या भीतीनेही अनर्थ केला आहे. लठ्ठ कर्करोगी आला की पृष्ठफळाचा आकडा मोठा येई. एवढे विष कसे द्यावे, असे वाटून डॉक्टर तो आकडा मध्येच कापत. पुष्कळ ठिकाणी दोन चौरस मीटरच्या पुढे मात्रा वाढवीतच नसत. २०१२ मध्ये अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने याची छाननी केली. लठ्ठ रुग्णांपैकी ४० टक्क्यांपर्यंत लोकांना अशी कापलेली मात्रा मिळत होती. पूर्ण मात्रेने त्यांना अधिक विषबाधा होते असा पुरावा नव्हता. कापलेल्या मात्रेने आजार उलटण्याची भीती मात्र होती.

२३/
ही गोष्ट मनाला लागते. रुग्णाच्या काळजीपोटीच हात आखडता घेतला गेला, आणि नुकसान त्याच रुग्णाचे झाले. शस्त्रक्रियेपूर्वी दिल्या जाणाऱ्या सेफाझोलिन या प्रतिजैविकाचेही असेच. १२० किलो किंवा त्याहून अधिक वजनाच्या रुग्णाला नेहमीच्या २ ग्रॅमऐवजी ३ ग्रॅम द्यावे, असे अमेरिकी तज्ज्ञांच्या २०१३ च्या मार्गदर्शिकेत आले. पाहा, जेंटामायसिन पूर्ण वजनावर देऊ नये, केमोथेरपी बहुधा पूर्ण वजनावरच द्यावी. लठ्ठपणा एकच, पण प्रत्येक औषधाला त्याने दिलेले उत्तर निराळे.

२४/
मग हे प्रश्न इतकी वर्षे अनुत्तरित का राहिले? एक कारण असे की नव्या औषधांच्या चाचण्यांत फार लठ्ठ माणसे क्वचितच घेतली जात. चाचणी त्या सत्तर किलोच्या माणसाभोवती होई, आणि औषध मग साऱ्या जगाला दिले जाई. २०१७ मध्ये सुमारे पाचशे किलो वजनाची एक परदेशी रुग्ण शस्त्रक्रियेसाठी मुंबईत आणली गेली तेव्हा ती बातमी सर्वत्र गाजली. क्रेन, खास पलंग, विमान, साऱ्यांची चर्चा झाली. इतक्या वजनाच्या देहाला भुलेचे औषध किती द्यावे, हा प्रश्न मात्र बातम्यांच्या गर्दीत दिसला नाही.

२५/
शेवटचे स्थानक पुणे. येथल्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत माता आणि बालकांचा अभ्यास सुरू केला. या खेड्यांतली बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधील साऊदॅम्प्टनची सुमारे ३.५ किलोची. आपली बाळे सर्वच बाबतीत लहान भरतील अशी अपेक्षा. पोट लहान, दंड लहान, स्नायू कमी. पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी? ती जवळजवळ तेवढीच टिकून होती. बारीक दिसणारे, तरीही मेदयुक्त बाळ. त्याला नाव मिळाले ‘थिन-फॅट’ भारतीय बाळ.

२६/
२००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. पुण्याचे याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन शेजारीशेजारी उभे. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, अगदी सारखा: २२.३. दोघेही तक्त्यानुसार निरोगी. मग शरीरातील चरबी मोजली. युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के! एकच आकडा, दोन वेगळे देह. दोघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून याला ‘वाय-वाय विरोधाभास’ असे नाव पडले. संशोधकाने स्वतःचाच देह पुराव्याला मांडण्याची हाफकिन यांची परंपरा येथे हसतमुखाने पुढे गेली.

२७/
हा अभ्यास मधुमेहाच्या शोधातून झाला, औषधाच्या मात्रेसाठी नव्हे. पण आपल्या प्रश्नाशी त्याचा संबंध सरळ आहे. समजा, दोन माणसे ६५ किलोची आहेत, एकात ९.१ टक्के चरबी, दुसऱ्यात २१.२. चरबी वजा केली तर पहिल्याचा देह उरतो ५९ किलो, दुसऱ्याचा ५१. आठ किलोंचा फरक, आणि काटा मात्र दोघांना एकच आकडा दाखवतो! पाण्यात मिसळणारे औषध किलोच्या हिशेबाने दिले तर दुसऱ्याच्या रक्तात ते अधिक दाट होईल, असा तर्क निघतो. आपल्याकडे हा प्रश्न केवळ लठ्ठ दिसणाऱ्यांचा राहत नाही.

२८/
बीएमआयचीही कुळकथा लक्षात ठेवण्याजोगी आहे. १८३२ मध्ये बेल्जियमचे आदोल्फ केतले ‘सरासरी माणूस’ शोधत होते. ते खगोल आणि संख्याशास्त्राचे अभ्यासक. त्यांना समाजाचे माप हवे होते, एकेका रुग्णाचे नव्हे. १९७२ मध्ये अँसल कीज यांनी त्या निर्देशांकाला आजचे नाव दिले. पुढे भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये आपल्यासाठी सीमा खाली आणल्या: २३ पासून अधिक वजन, २५ पासून लठ्ठपणा. पाश्चात्त्य तक्त्यांत लठ्ठपणा ३० पासून सुरू होतो. आपल्या मापाची आपण केलेली ही दुरुस्ती आहे, आणि ती उशिरा झाली.

२९/
एकंदर इतिहास पाहिला तर एक सूत्र दिसते. वय, पौंड, चौरस मीटर, आदर्श वजन, बीएमआय: प्रत्येक पिढीने देहासाठी एक सोपा आकडा शोधला, आणि प्रत्येक आकडा कोणत्या तरी दुसऱ्याच माणसांच्या मापावरून आला होता. नऊ माणसे, विमेदार अमेरिकी, सत्तर किलोचा कल्पित पुरुष. तो आकडा निरुपयोगी नव्हता. त्याने असंख्य जीव वाचवले. पण आकड्याच्या मागे कोण उभे होते हे विसरले गेले की त्याचा त्रास तक्त्याबाहेरच्या माणसाला झाला. लठ्ठ माणूस बराच काळ असा तक्त्याबाहेरचा राहिला.

३०/
एक सूचना आवश्यक आहे. हा धागा वाचून कोणी स्वतःच्या औषधाची मात्रा बदलू नये. मात्र डॉक्टरांकडे गेल्यावर आपले खरे, अलीकडचे वजन आणि उंची सांगावी. मूत्रपिंडाचे किंवा यकृताचे दुखणे असेल तर तेही लपवू नये. शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञ वजन विचारतात तेव्हा संकोचाने पाचदहा किलो कमी सांगणारे पुष्कळ असतात. त्या संकोचाची किंमत काय असू शकते, हे आता आपणांस ठाऊक आहे.

३१/
पुढच्या पावसाळ्यानंतर कधी कुरवंड्याला गेलात तर नागफणीच्या कड्यावरून खाली पाहा. मागे पठार, समोर कोकण, आणि मधे ती अरुंद वाट. कारतलबखानाने आपल्या सैन्याचे आकारमान मोजले होते. वाटेची रुंदी मोजली नाही. वैद्यकानेही बराच काळ हेच केले. देहाचे वजन काट्यावर क्षणात कळते. त्या देहातून औषध कोणत्या वाटेने आणि किती वेगाने उतरते, हे जाणून घ्यायला मात्र शतके लागली, आणि ते काम अजून चालूच आहे.